स्पीड ९९ म्हणजे नेमकं किती? एका व्हायब्रेशन मशीनच्या माहितीपत्रकाचं वाचन

दिवाळीत गावी गेले तेव्हा आईनं फराळाच्या आधी एक चकचकीत माहितीपत्रक हातात दिलं. भंडाऱ्याला कुठल्याशा आरोग्य प्रदर्शनात ती आणि शेजारच्या काकू व्हायब्रेशन मशीनवर पाच-पाच मिनिटं फुकट उभ्या राहून आल्या होत्या. जमिनीवर ठेवायचा जाडसर फलाट, समोर दांडा, दांड्यावर लाल आकडे. आईचा वर्षभरापूर्वी नागपूरला डेक्सा झाला, त्यात खुब्याच्या हाडाची घनता कमी आली. तेव्हापासून घरात 'हाडं' हा शब्द जरा हळू आवाजात उच्चारला जातो. पत्रकात लिहिलं होतं की रोज दहा मिनिटं उभं राहा, एक तास चालल्याचा फायदा, हाडं मजबूत, नासाचं तंत्रज्ञान, स्पीड १ ते ९९. खाली हप्त्यांचा हिशेब.

"तू एवढी शिकली, सांग ना मग. घेऊ का नको?" आई म्हणाली.

मोठे बाबा ओसरीवर होते. त्यांनी वीसेक वर्षं टिप्पर चालवला, रेती आणि गिट्टीचा. आता कमरेला पट्टा बांधल्याशिवाय उठत नाहीत. ते तिथूनच बोलले, "अवो पोरी, ज्या हादऱ्यानं माही कंबर गेली, तेच हादरे आता पैसे देऊन घ्याचे का?"

मी भौतिकशास्त्राची. कंपन मोजणाऱ्या सेन्सरसाठी लागणाऱ्या पदार्थांवर माझी पीएचडी चालू आहे. म्हणजे हा प्रश्न माझ्याच अंगणातला. तरी मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही, आणि याची थोडी लाज वाटली. परत आल्यावर दोन आठवडे पेपर वाचले. ही पोस्ट त्यातून झाली आहे. पेटची तयारी करणाऱ्यांना, किंवा पेट पास होऊन आता सिनॉप्सिससमोर बसलेल्यांना एक सांगते: पेपर कसा लिहायचा हे शिकवणारे पुष्कळ भेटतात, दावा कसा वाचायचा हे फारसं कुणी शिकवत नाही. माहितीपत्रक त्या सरावासाठी फार चांगलं. पेपरपेक्षा सोपं असतं आणि चुका लपवायला कमी जागा असते.

आधी मोठ्या बाबांचा प्रश्न, कारण तोच खरा प्रश्न आहे.

तळपायांतून किंवा बसलेल्या जागेतून अख्ख्या शरीरात शिरणाऱ्या कंपनाला 'होल बॉडी व्हायब्रेशन' म्हणतात. या नावानं शोध घेतला तर पेपरांचे दोन ढीग समोर येतात आणि दोन्ही ढिगांतली माणसं एकमेकांना फारशी ओळखत नाहीत. एका ढिगात कंपन हा रोगाचं कारण असलेला धोका आहे: ट्रॅक्टर, डंपर, फोर्कलिफ्ट. दुसऱ्यात तेच कंपन उपचार किंवा व्यायाम आहे. आपल्या जिल्ह्यात पहिला ढीग डोळ्यांनी दिसतो. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण उघडी आहे, चिखल्याची जमिनीखाली. उघड्या खाणीत माल हलवायला डंपर लागतात, आणि खाणीतला रस्ता म्हणजे रस्ता नसतोच. नागपूरच्या राष्ट्रीय खनिक स्वास्थ्य संस्थानातल्या संशोधकांनी भारतातल्या खाणींमधल्या डंपर चालकांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तुलनेसाठी घेतलेल्या, कंपनापासून दूर असलेल्या कामगारांपेक्षा चालकांमध्ये कंबरदुखीचं प्रमाण बरंच जास्त होतं. ही संस्था पुढे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन करण्याचा निर्णय २०१९ मध्ये झाला.

इथे एक थांबा. असा अभ्यास एका वेळी घेतलेला फोटो असतो. चालकाला हादरे बसतात, पण तो तासन्‌तास एकाच स्थितीत बसतोही, मान वळवून मागे पाहतोही, उंच केबिनमधून उडी मारून उतरतोही. कंबर यातल्या कशानं गेली हे एका फोटोवरून सांगता येत नाही. उलट ज्याची कंबर फारच गेली त्यानं काम सोडलेलं असतं, तो फोटोत येतच नाही. म्हणजे खरा त्रास आकड्यापेक्षा जास्तही असू शकतो. मोठे बाबा टिप्पर सोडल्यावर कुठल्याच अभ्यासात सापडले नसते. तरीही जगभर इतक्या ठिकाणी, इतक्या वेगवेगळ्या गाड्यांवर हाच कल दिसला आहे की युरोपीय संघानं २००२ मध्ये कायद्याच्या पातळीवर मर्यादा घातल्या. आठ तासांच्या कामाच्या दिवसाला सरासरी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झालं की मालकानं उपाय सुरू करायचे, १.१५ ही ओलांडायचीच नाही अशी हद्द. मोजायची रीत आयएसओ २६३१-१ या मानकातली. हे दोन आकडे लक्षात ठेवा, लागणार आहेत.

आता स्पीड ९९ कडे येऊ. कंपनाचा डोस सांगायला तीन गोष्टी लागतात: सेकंदाला किती वेळा हलतं, म्हणजे वारंवारता, किती अंतर हलतं, म्हणजे आयाम, आणि किती वेळ. अकरावीत शिकलेलं साधं सूत्र आहे. शिखर त्वरण म्हणजे आयाम गुणिले (२ × पाय × वारंवारता) यांचा वर्ग. 'स्पीड ९९' यात कुठेच बसत नाही. तो मोटरच्या नियंत्रकाचा पायऱ्यांचा आकडा आहे, एवढंच. एका कंपनीचा ४० आणि दुसरीचा ४० यांचा एकमेकांशी संबंध नाही. औषधाच्या बाटलीवर 'ताकद: ९९' लिहिलं आणि मिलिग्रॅम लिहिलेच नाहीत, तसं हे. माझ्या मते हे पत्रकातलं सगळ्यात मोठं अपयश आहे, नासापेक्षाही मोठं, कारण यामुळे एकही अभ्यास त्या यंत्राला लावताच येत नाही.

काही कंपन्या वारंवारता आणि आयाम देतात. पण तिथेही एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडले. '३० हर्ट्झ, २ मिमी' असं वाचून मी लगेच हिशेब केला: शिखर त्वरण ७१, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ७.२ पट. मग कळलं की २ मिमी हे मधल्या बिंदूपासूनचं अंतर आहे की सगळ्यात खालपासून सगळ्यात वरपर्यंतचं, हे लिहिलेलंच नाही. दुसरं असेल तर आयाम १ मिमी, आणि त्वरण निम्मं, ३.६ पट. हा गोंधळ फक्त माहितीपत्रकांचा नाही हो, शोधनिबंधांचाही आहे. तो इतका पसरला होता की या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेला २०१० मध्ये 'कंपनाचे अभ्यास कसे नोंदवावेत' यावर वेगळ्या शिफारशी काढाव्या लागल्या. त्यात शिखर ते शिखर अंतर स्पष्ट लिहा, पाय कसे ठेवले ते लिहा, बूट होते की नाही तेही लिहा, असं सगळं आहे. नव्या विषयात शिरताना असा 'कसं नोंदवावं' प्रकारचा लेख आधी शोधा. त्या क्षेत्रात आजवर काय काय चुकलंय याची यादीच मिळते.

आता दोन्ही ढीग एका तराजूत घालून पाहू. आयएसओच्या रीतीत प्रत्येक वारंवारतेला वजन असतं, कारण शरीर सगळी कंपनं सारखी घेत नाही. उभ्या दिशेतल्या कंपनात ४ ते ८ हर्ट्झच्या आसपास धडाचा रेझोनन्स येतो, तिथे वजन जवळपास पूर्ण. ३० हर्ट्झला ते साधारण ०.४ राहतं. मग ३० हर्ट्झ, खरोखर २ मिमी आयामाचं यंत्र घ्या: शिखर ७१, त्याची वर्ग-सरासरी किंमत ५०, त्याला वजन लावलं की २०. या तीव्रतेला युरोपातली दिवसभराची पहिली पातळी, ०.५ ची, साधारण १८ सेकंदांत गाठली जाते आणि १.१५ ची हद्द दीड मिनिटाच्या थोडं पुढे. आयाम १ मिमी असेल तर तेच ७२ सेकंद आणि सहा मिनिटांच्या थोडं वर. आयाम निम्मा झाला की वेळ चौपट होतो, कारण हिशेबात वर्ग आहे. पत्रकातली 'रोज दहा मिनिटं' दोन्ही बाबतींत हद्दीबाहेर पडतात. हा काही माझाच शोध नाही. २००७ मध्ये एका अमेरिकी गटानं माणसांना फलाटावर उभं करून मापन केलं आणि ३० हर्ट्झ, शिखर ते शिखर ४ मिमी अशा कंपनाची रोजची दहा मिनिटं आयएसओच्या शिफारशीबाहेर जातात असाच अंदाज काढला.

हा हिशेब झाला तेव्हा मी आईला फोन करणार होते की मोठे बाबा बरोबर होते, घेऊ नको. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. आपल्याला आवडलेलं उत्तर आलं की हिशेब थांबवायचा, ही सवय फार वाईट. म्हणून उलट बाजूनं विचारलं, की या तुलनेत काय चुकीचं आहे? बरंच काही. ते मानक मुख्यतः बसलेल्या माणसावरच्या अनुभवातून आलं आहे, आणि वर्षानुवर्षं रोज आठ तास काम करणाऱ्यासाठी. ट्रकच्या सीटवरचं कंपन थेट मणक्यात जातं. फलाटावर गुडघे वाकवून उभ्या असलेल्या माणसात घोटे, गुडघे, मांड्यांचे स्नायू स्प्रिंगसारखं काम करतात आणि ३० हर्ट्झचा बराच भाग वाटेतच जिरतो. आठ तासांचा नियम दीड मिनिटाच्या जोरदार हादऱ्याला ताणून लावणं हेही जरा ओढाताणीचं आहे. म्हणजे माझा हिशेब 'यंत्र धोकादायक आहे' हे सिद्ध करत नाही. तो एवढंच सांगतो की 'पूर्णपणे सुरक्षित, वयाची अट नाही' असं छापणाऱ्याकडे त्यासाठी आधार असायला हवा, आणि तो पत्रकात नाही.

गुडघ्यांवरून आठवलं. त्याच २००७ च्या अभ्यासात दोन उपयोगी गोष्टी निघाल्या. पाय ताठ ठेवले तर डोक्यापर्यंत जास्त कंपन पोचतं. गुडघे साधारण २६ ते ३० अंश वाकवले तर सगळ्यात कमी. आणि दोन प्रकारच्या यंत्रांत फरक आहे. एकात अख्खा फलाट वर-खाली होतो, दुसऱ्यात तो मधल्या आसावर सी-सॉसारखा डुलतो. डुलणाऱ्यात डोक्यापर्यंत कमी पोचतं. आईनं पाहिलेलं यंत्र डुलणारं होतं. त्यात पाय जितके बाहेर तितका आयाम मोठा. पाय आसाजवळ घेतले की हादरा कमी. विक्रेता मात्र सगळ्यांना पाय फाकवून उभं करत होता, म्हणजे 'असर' जाणवतो.

'कमी स्पीड म्हणजे सौम्य' हाही गैरसमज आहे. १० हर्ट्झला पायाखाली ५ मिमी आयाम असेल तर शिखर त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट येतं, आणि १० हर्ट्झला आयएसओचं वजन जवळजवळ पूर्ण आहे. वजन लावल्यावर किंमत १४, म्हणजे ३० हर्ट्झ, १ मिमीवाल्या यंत्राच्या १० पेक्षाही जास्त. शिवाय त्वरण गुरुत्वाकर्षणापेक्षा जास्त झालं की फलाट खाली जाताना तळवे क्षणभर सुटू शकतात आणि पुन्हा आदळतात. आदळणं हे कंपनापेक्षा वेगळं प्रकरण आहे.

नासा, मेंढ्या आणि आई

नासाचा दावा धडधडीत खोटा नाही, म्हणून जास्त त्रासदायक आहे. क्लिंटन रुबिन या अमेरिकी संशोधकाच्या गटानं २००१ मध्ये 'नेचर'मध्ये मेंढ्यांवरचा प्रयोग छापला. वर्षभर, आठवड्यातले पाच दिवस, रोज २० मिनिटं मागच्या पायांखाली ३० हर्ट्झचं कंपन. मांडीच्या हाडाच्या वरच्या भागातल्या जाळीदार हाडाची घनता तुलनेच्या मेंढ्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी जास्त भरली. रुबिन यांच्या कामाला नासाचा पैसा होता, कारण अंतराळात हाडं झिजतात. पत्रकातली नासा इथून येते.

पण कंपन किती? गुरुत्वाकर्षणाच्या ०.३ पट. सूत्रात घालून पाहा: ३० हर्ट्झला आयाम ०.०८ मिमी, केसाच्या जाडीएवढा. उभं राहिलं तर यंत्र चालू आहे की नाही अशी शंका यावी इतकं. आपल्या तराजूत हेच कंपन ०.५ ची पातळी गाठायला जवळपास तीन तास घेतं. म्हणजे नासाच्या पैशानं तपासलेली गोष्ट ही, आणि प्रदर्शनात आईच्या गालांची त्वचा थरथरवणारी गोष्ट वेगळी. त्वरणात दहा-वीस पटींचा फरक. नाव एकच, म्हणून पुरावा एकाचा आणि विक्री दुसऱ्याची.

मग माणसांत काय झालं? इथे मी पेपर वाचायचा क्रम मुद्दाम तारखेनुसार ठेवला, कारण अशा विषयात कथा तारखांमध्ये असते. २००४ मध्ये बेल्जियममधल्या गटानं रजोनिवृत्तीनंतरच्या ७० स्त्रियांवर सहा महिन्यांचा अभ्यास छापला. जोरदार कंपनाच्या फलाटावर गुडघ्यांचे व्यायाम करणाऱ्या गटात खुब्याची घनता ०.९३ टक्क्यांनी वाढली. बातमी आनंदाची. पण ७० जणी तीन गटांत, म्हणजे एका गटात पंचविसेक. आणि डेक्सावर एकाच बाईला पुन्हा झोपवलं तरी एखाद्या टक्क्याचा फरक पडतो. गटाच्या सरासरीत तो दिसू शकतो, पण एकट्या आईच्या रिपोर्टवर ०.९३ टक्के 'वाढ' आणि यंत्राची चूक यांत फरक करता येणार नाही. शिवाय त्या बायका व्यायामही करत होत्या. पत्रकातल्यासारख्या नुसत्या उभ्या नव्हत्या.

पुढे अभ्यास मोठे झाले आणि परिणाम लहान. २०११ मध्ये कॅनडातल्या २०२ स्त्रियांवर वर्षभराची चाचणी आली: ३० किंवा ९० हर्ट्झ, ०.३ पट, रोज २० मिनिटं. हाडांच्या घनतेत काहीच फरक नाही. २०१४ मध्ये हाँगकाँगमधल्या ७१० ज्येष्ठ स्त्रियांवर दीड वर्षाची चाचणी: घनतेत फरक नाही, पण पडण्याचं आणि मोडण्याचं प्रमाण कमी, १८.६ टक्के विरुद्ध २८.७. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या १७४ वृद्धांवर दोन वर्षांची चाचणी, सरासरी वय ८२. घनतेत पुन्हा काही नाही. मजा म्हणजे या शेवटच्या कामात मेंढ्यांवाले रुबिन स्वतःही सहभागी होते. स्वतःच्या कल्पनेची मोठी चाचणी होऊ द्यायची आणि नकारात्मक निकाल छापायचा, याला मी मानते. आपल्याकडे नकारात्मक निकाल आला की गाइड 'पॅरामीटर बदलून बघू' म्हणतात.

हाँगकाँगचा निकाल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हाड घट्ट झालं नाही, तरी बायका कमी पडल्या. साठीनंतर खुबा मोडतो तो बहुधा पडूनच, मग न पडणं हाही फायदाच. पण त्या चाचणीत तुलनेच्या गटाला खोटं यंत्र दिलेलं नव्हतं. कंपनवाल्या बायका आठवड्यातून पाच दिवस केंद्रावर चालत येत होत्या, इतर बायकांत मिसळत होत्या. पडणं कशामुळे कमी झालं, कंपनामुळे की रोजच्या येण्या-जाण्यानं? सांगता येत नाही.

खोट्या यंत्राचं महत्त्व पटत नसेल तर ही गोष्ट ऐका. पॅरिसचे मोठे मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांच्या लक्षात आलं की पार्किन्सनचे रुग्ण रेल्वेचा किंवा घोडागाडीचा लांब, हादऱ्यांचा प्रवास करून आले की बरं वाटतं म्हणतात. त्यांनी थरथरणारी खुर्चीच बनवून घेतली आणि १८९२ मध्ये त्यावर व्याख्यान दिलं. रुग्ण सुधारले. एकशेवीस वर्षांनी, २०१२ मध्ये, शिकागोच्या डॉक्टरांनी तोच प्रयोग २३ रुग्णांवर केला. काहींची खुर्ची खरी थरथरत होती, काहींच्या खुर्चीतून नुसते आवाज येत होते. महिनाभर रोज अर्धा तास. दोन्ही गट सुधारले, सारखेच. रोज अर्धा तास कुणीतरी लक्ष देऊन शांत बसवतंय, यातच बरंच काही होतं. प्रदर्शनातून परतलेल्या काकू "गुडघा हलका झाला" म्हणतात तेव्हा त्या खोटं बोलत नसतात.

आणि या सगळ्या चाचण्यांतल्या बायका कोण? कॅनडातल्या चाचणीत सगळ्यांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पुरवलं होतं. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर कंबरेतून वाकलेल्या बायका, ज्यांचं ड जीवनसत्त्व कुणी मोजलेलं नाही. त्यांचा मणका आणि टोरोंटोतल्या बाईचा मणका यांचा इतिहास वेगळा. शिवाय आपल्या पट्ट्यात सिकलसेल आहे. सिकलसेलमध्ये रक्तपुरवठा तुटून खुब्याच्या हाडाचा गोळा खराब होतो. परदेशी यंत्राच्या सूचनांत हे लिहिलेलं असणार नाही, म्हणून ज्यांच्या घरी सिकलसेल आहे त्यांनी हाडांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय असल्या फलाटावर उभं राहू नये.

फोन फलाटावर ठेवला तेव्हा

काकूंनी शेवटी घेतलंच, हप्त्यावर. मग मी पुढच्या सुट्टीत फोन घेऊन गेले. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप आहे, फोनमधल्या सेन्सरचे आकडे थेट दाखवतं. फोन दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीनं फलाटाला बांधला, काकूंना उभं केलं. ५० वर वारंवारता साधारण दहाच्या आसपास दिसली. त्यापुढे वाढवत गेले तसे आलेखाचे डोंगर वरून सुरीनं कापल्यासारखे सपाट झाले. काकू म्हणाल्या, "बघ, स्थिर झालं." स्थिर काही झालं नव्हतं, फोनच्या सेन्सरची मोजण्याची हद्द संपली होती. सेन्सरच्या टोकाला टेकलेला आकडा हा आकडा नसतो, तो 'यापेक्षा जास्त' असा निरोप असतो. तसंच फोन सेकंदाला शंभर नोंदी घेत असेल तर ३० हर्ट्झच्या एका हेलकाव्याला जेमतेम तीन बिंदू मिळतात, खरं शिखर त्यांच्या मधून निसटतं. वारंवारता बऱ्यापैकी कळते, त्वरणावर विश्वास ठेवू नका. आणि अर्थात, एका यंत्रावर एका दुपारी एका फोननं घेतलेलं हे मापन. कुतूहल भागतं, पुरावा होत नाही.

पण एक गोष्ट फोनशिवायही दिसली. काकू उतरल्या आणि त्यांची बारीक नात चढली तेव्हा आवाजच बदलला. स्वस्त मोटर वजनाखाली दबते, मग वारंवारता किंवा आयाम वजनानुसार बदलतो. म्हणजे पॅनेलवरचा तोच आकडा घरातल्या दोन माणसांना दोन डोस देतो.

काकूंचा विचार बदलणार नव्हता, तेव्हा निदान वापर तरी नीट व्हावा म्हणून त्यांच्यासोबत बसून जे ठरवलं ते सांगते. पहिली गोष्ट डोळे. काकूंचा मोतीबिंदू काढलाय, आत भिंग आहे. कंपन-फलाट वापरल्यानंतर डोळ्यातलं कृत्रिम भिंग सरकल्याची केस २०१० मध्ये नेत्रतज्ज्ञांच्या नियतकालिकात नोंदली गेली आहे. एक केस म्हणजे पुराव्याच्या शिडीची खालची पायरी, फायद्यासाठी मी ती मोजणारही नाही. पण धोक्यासाठी मोजते. फायद्याचा दावा करणाऱ्यानं पुरावा वरच्या पायरीवरून आणायचा, आणि धोक्याची सूचना खालच्या पायरीवरून आली तरी ऐकायची. आपल्याकडे शिबिरांत इतक्या लोकांचे मोतीबिंदू निघतात की ही सूचना पत्रकावर मोठ्या अक्षरांत हवी होती. काकू आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून आल्या.

गरोदर असाल, पेसमेकर असेल, पायात रक्ताची गुठळी झाली असेल, नुकतं ऑपरेशन किंवा हाड मोडलेलं असेल, मणक्याची गादी सरकलेली असेल, मूतखडा किंवा पित्ताशयात खडे असतील, फिट येत असतील, डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टर, नंतर यंत्र. चाचण्यांमधून ही माणसं आधीच वगळली जातात. म्हणजे 'चाचणीत कुणाला त्रास झाला नाही' हे वाक्य त्यांना लागूच होत नाही. पेपर वाचताना 'कोणाला वगळलं' हा परिच्छेद निकालाच्या आधी वाचा, मी आता तसंच करते.

ज्यांना चालतं त्यांनी गुडघे थोडे वाकवून, दांडा धरून, पाय आसाजवळ ठेवून सुरुवात करावी. एका वेळी अर्धा-एक मिनिट, मग तेवढीच विश्रांती. फलाटावर बसायचं नाही. जाहिरातीत एक मुलगी त्यावर मांडी घालून बसलेली असते. तसं केलं की स्प्रिंगचं काम करणारे पाय बाजूला होतात आणि आपण पुन्हा मोठ्या बाबांच्या टिप्परच्या सीटवर येतो. पायांना खाज सुटते, त्वचा लाल होते, ते सहसा दिसतं आणि जातं. पण डोकं दुखलं, दिसायला धूसर झालं, चक्कर आली, कंबरेतून कळ गेली तर त्या दिवसापुरतं बंद नाही, एकदमच बंद, आणि दवाखाना.

विकत घ्यायचंच असेल तर वारंवारता हर्ट्झमध्ये आणि अंतर मिमीमध्ये, शिखर ते शिखर असं स्पष्ट लिहिलेलं यंत्र पाहा. किती वजनापर्यंत ते आकडे टिकतात तेही विचारा. धरायला भक्कम दांडा आणि हाताशी बंद करायचं बटण हवं. नुसत्या रिमोटवर चालणारा बिनदांड्याचा फलाट म्हाताऱ्या माणसासाठी घेऊ नये, पडू नये म्हणून आणलेल्या वस्तूवरूनच पडायचं. सीई किंवा आयएसओ ९००१ च्या शिक्क्यानं भुलू नका. पहिला विजेच्या आणि यंत्राच्या सुरक्षेच्या नियमांशी संबंधित, दुसरा कारखान्याच्या कारभाराशी. हाडं वाढतात असं दोन्हींपैकी एकही म्हणत नाही.

मी कंपनीच्या हेल्पलाइनला तीन प्रश्न लिहून पाठवले होते: ९९ ला किती हर्ट्झ, किती मिमी शिखर ते शिखर, आणि किती किलो वजन असताना. दोन दिवसांनी उत्तर आलं, "मॅडम, आमच्याकडे शून्य टक्के व्याजाची ऑफर महिनाअखेरपर्यंतच आहे."

आईनं घेतलं नाही. त्यात माझ्या वाचनाचा वाटा किती आणि हप्त्याच्या आकड्याचा किती, मी विचारलं नाही. तिला मी ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीबद्दल सांगितलं. तिथे हाडांची घनता कमी असलेल्या स्त्रियांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजनं उचलली. त्यांच्या कंबरेच्या मणक्याची घनता २.९ टक्के वाढली, दुसऱ्या गटाची १.२ टक्के घटली. 'देखरेखीखाली' हा शब्द मी दोनदा म्हटला, तरी तिनं दुसऱ्या दिवशी धानाचं पोतं उचलून पाहिलंच. ते खाली ठेवायला लावलं आणि नागपूरला फिजिओथेरपिस्टची वेळ घेतली. ड जीवनसत्त्वाची तपासणीही झाली, रिपोर्ट यायचाय. मोठे बाबाही सोबत येणार म्हणतात. बसनं नको, म्हणाले, रेल्वेनं जाऊ, बसच्या मागच्या सीटवर हादरे फार बसतात.